अप्पांनी सांगितलेला घाट

माझे वडील छोट्या लाईनीवरचे ड्रायव्हर. सोलापुरातल्या जुन्या माणसांना छोटी लाईन म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. होटगीहून विजापूर, बागलकोट करत गदगला जाणारा तो मीटर गेजचा रूळ. आता तो नाही. तिथं मोठा रूळ पडला आणि वाफेची इंजिनं भंगारात गेली. अप्पा त्या लाईनीवर आधी फायरमन होते, भट्टीत फावड्यानं कोळसा टाकायचे. मग ड्रायव्हर झाले. माझ्या लहानपणी ते ड्युटीवरून यायचे तेव्हा त्यांच्या भुवया करपलेल्या असायच्या आणि अंगाला कोळशाचा, तेलाचा आणि घामाचा मिळून एक वास असायचा. तो वास आंघोळीनं जायचा नाही. आम्हाला तोच बापाचा वास वाटायचा.

वाफेच्या इंजिनावर इतकी वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. अप्पांना रिटायर होतानाच कमी ऐकू यायचं. सत्तरी ओलांडल्यावर जवळजवळ काहीच येईना. पण आईचं त्यावाचून कधी अडलं नाही. ती वळसंगची. माहेरी कन्नड, बाहेर मराठी, आणि नवऱ्याशी दोन्हींचं कालवण. ती अप्पांच्या समोर उभी राहून तोंड मोठं उघडून बोलायची आणि अप्पा तिच्या ओठांवरून सगळं ओळखायचे. फक्त तिच्याच. आम्ही कितीही तोंड वासलं तरी ते कपाळाला आठ्या घालून विचारायचे, "काय म्हणलीस?"

आई गेली आणि त्यांना मी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. ते रागावलेले नव्हते, आजारीही नव्हते. वेळेवर उठायचे, आंघोळ करायचे, कपाळाला विभूती लावायचे, समोर आलेलं जेवायचे आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहायचे. बोलणं मात्र थांबलं. दिवसाकाठी दोन शब्द, "व्हय" आणि "नको". कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मशीन दाखवलं. अप्पांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि परत टेबलावर ठेवलं. "नको." रिक्षात बसल्यावर मी कागदावर लिहून विचारलं, का नको? त्यांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि बाहेर बघत राहिले.

असं वर्ष उलटलं. मी शाळेत गणित शिकवते. मुलांना न येणारं गणित कुठून सोडवायला घ्यायचं ते मला बहुतेक वेळा सापडतं. अप्पांच्या बाबतीत मला कुठलंच टोक सापडत नव्हतं. आमच्या ह्यांनी एक युक्ती काढली. संध्याकाळी टीव्हीवर आगगाड्यांचे व्हिडिओ लावून द्यायचे. आवाज नसला तरी चालतं, चित्र तर दिसतंय. अप्पा बघायचे. बुलेट ट्रेन असो की मालगाडी, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरून मोठ्यानं आवाज आला. बहिरी माणसं बोलतात तसा, घसा ताणून.

"ह्ये मीटर गेज हाय!"

मी पिठाच्या हातानं बाहेर आले. अप्पा खुर्चीतून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे होते. पडद्यावर निलगिरीच्या डोंगरातली गाडी चालली होती. निळे-पांढरे डबे आणि त्यांना मागून ढकलणारं वाफेचं इंजिन. अप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं. दोन रुळांच्या मधोमध आणखी एक पट्टी दिसत होती, करवतीला दाते असावेत तशी.

"आन् ह्ये मधी काय हाय?"

मी हात पुसून कागद घेतला आणि लिहिलं, "दातेरी रूळ. इंजिनाखाली दात्यांचं चाक आहे. ते ह्यात अडकतं. म्हणून उभा डोंगर चढतं. मेट्टुपाळयमहून कुन्नूरला. अजून वाफेवर चालतं."

त्यांनी ते दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "बघाय पाहिजे."

वर्षभरात त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट. मी त्याच रात्री ठरवून टाकलं. हे म्हणाले, "अगं, सुट्टीत त्या गाडीला रिझर्वेशन मिळत नाही, लोक महिनोन् महिने आधी काढून ठेवतात." बघितलं तर खरंच सगळं भरलेलं. पण थोडी तिकिटं सकाळी रांगेत देतात असं कुठंतरी वाचलं. हे म्हणाले, "जाऊन उभं राहा. मिळालं तर मिळालं. नाहीतर लांबून इंजिन तरी दिसंल की त्यांना." ह्यांना ऑफिसातून रजा नव्हती, म्हणून बापलेकच निघायचं ठरलं.

परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, आणि एप्रिलच्या उन्हात मी नवी पेठेत स्वेटर विकत घ्यायला गेले. दुकानदारानं माझ्याकडे बघून पंख्याकडे बघितलं. "ताई, आत्ता स्वेटर?" मग माळ्यावर चढून धूळ झटकत एक गठ्ठा खाली टाकला. राखाडी रंगाचा, गळाबंद, अप्पांच्या मापाचा एक निघाला. दुसऱ्या दिवशी कडक भाकरी बांधून घेतल्या, शेंगाची चटणी कुटली आणि कोइंबतूरच्या गाडीत बसलो. प्रवासभर अप्पा खिडकीशी बसून होते. वाडी स्टेशन आलं तेव्हा एकदा म्हणाले, "वाडी." बाकी काही नाही. मला मनातून धास्ती वाटायला लागली होती. एवढं लांब आणून तिथंही "व्हय" आणि "नको"च होणार असेल तर?

मेट्टुपाळयमच्या स्टेशनवर आम्ही उजाडायच्या आधीच रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढं बरीच माणसं होती. आमच्या अगदी पुढं एक मुलगी, वीस-बावीसची, आणि तिच्या हाताला धरून एक म्हातारी. म्हातारीनं पांढरं लुगडं काखेखालून गुंडाळलेलं होतं, डोक्याला पांढरं फडकं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि त्यावर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं लगेच कळत होतं.

खिडकी उघडली, रांग सरकली. त्या मुलीनं दोन तिकिटं घेतली. मग मी हात पुढं केला, तर आतल्या माणसानं एकच तिकीट सरकवलं आणि सांगितलं, संपली. मी दोन बोटं दाखवली. त्यानं दिलगिरीनं मान हलवली. त्या गाडीत जागा मोजक्या, त्यापेक्षा जास्त तिकीट तो देणार कुठून?

एक तिकीट आणि आम्ही दोघं. अप्पांना एकट्याला बसवावं तर त्यांना ऐकू येत नाही आणि मुलूख अनोळखी. मी तिकीट त्यांच्या हातात दिलं, एक बोट वर केलं, दोन्ही हात पसरले. त्यांना कळलं. तिकिटाकडे क्षणभर बघून त्यांनी ते मला परत दिलं आणि नेहमीसारखं मोठ्यांदा, अख्ख्या स्टेशनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बिडु. मनिगि होगोण."

सोड. घरी जाऊ या. आईशी बोलायचे त्या कन्नडात बोलले होते ते.

पुढं चालू लागलेली म्हातारी जागच्या जागी थांबली. तिनं मान वळवली, आवाजाच्या दिशेनं, आणि विचारलं, "याव ऊरु?" कोणतं गाव?

मी चमकले. तमिळ मुलखात सकाळच्या अंधारात कुणी कन्नडातून गाव विचारेल असं वाटलंच नव्हतं. मी माझ्या मोडक्या कन्नडात सांगितलं, सोलापूर, हे माझे वडील, ऐकू येत नाही त्यांना. म्हातारी बोलायला लागली. तिची बोली कन्नड होती आणि नव्हतीही. ओळखीच्या बाईनं दुसऱ्या मुलखाचं लुगडं नेसून समोर यावं तसं वाटत होतं. आधी बुचकळ्यात पडायला होतं, मग चेहरा ओळखू येतो. नातीनं इंग्रजीतून सांगितलं की ती डोंगरातल्या बडगा लोकांची बोली. त्यांचं गाव कुन्नूरच्या जवळ. ती स्वतः कोइंबतूरला नर्सिंग शिकते. आजीचं ऑपरेशन तिथंच केलं. "घाटातल्या बसमध्ये आजीला उलट्या होतात. डोळ्यावर ताण येईल म्हणून गाडीनं नेते आहे."

म्हातारीनं तिचा दंड ओढला आणि भराभर काहीतरी सांगितलं. मुलगी हसली. हातातलं एक तिकीट तिनं माझ्यापुढं धरलं.

"तुम्ही दोघं बसा. मी बसनं जाते. तुमच्या आधीच पोचेन. फक्त आजीला सांभाळा."

"अगं, पण तू मला ओळखतसुद्धा नाहीस," मी म्हणाले.

"आजी म्हणते, ही आपल्या बोलीतली माणसं आहेत."

तिनं पर्समधून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढून माझ्या तळहातावर ठेवली. वाटेत एकदा घालायचे, हात धुऊन, असं नर्सच्या करड्या आवाजात सांगितलं. आजीच्या कपाळाला हात लावला आणि पाठीला सॅक अडकवून ती स्टेशनबाहेर चालती झाली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. नुकतं ऑपरेशन झालेली आजी अनोळखी बाईच्या स्वाधीन करून इतक्या सहज जाणारं माणूस मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

डब्यात जागा पकडून मी म्हातारीला, म्हणजे आमच्या कन्नडातल्या अज्जींना, खिडकीशी बसवायला लागले, तर त्यांनी हातानं नको म्हटलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा होता. त्यातून फक्त धुकं दिसतं, म्हणाल्या. "मला खिडकीचा काय उपयोग? त्याला बसव." पण त्याला म्हणजे अप्पांना बसवायला अप्पा होते कुठं? मी खाली उतरून बघितलं. ते गाडीच्या शेपटाशी, इंजिनाजवळ उभे होते. हात पाठीमागं बांधून, दुसऱ्याच्या घरचं तान्हं बाळ बघावं तसे, जरा लांबून. इंजिन निळं होतं, अंगातून वाफ सोडत होतं. अप्पांनी वाकून चाकांच्या मधून खाली पाहिलं, दांड्या पाहिल्या, सिलिंडर पाहिले. एका बाजूला एकावर एक असे दोन सिलिंडर होते. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन हायत. एक चाकाला, एक दाताला." आणि पुन्हा वाकले. मी दंडाला धरून त्यांना डब्यात आणलं.

गाडी सुटली. सुरुवातीची वाट सपाट, सुपारीच्या बागांतून जाणारी. अप्पा खिडकीशी, त्यांच्या शेजारी अज्जी, मी समोर. मग कल्लार नावाचं छोटं स्टेशन आलं. तिथून पुढं दातेरी रूळ सुरू होतो. गाडी थांबली, मग अगदी हळू, चाचपडल्यासारखी पुढं सरकली. खालून एक हलका धक्का बसला आणि बाकड्यातून नवीनच थरथर यायला लागली. मागून इंजिनाचे हुंकार आधी एकपदरी येत होते, ते आता दुपदरी झाले. अप्पांना आवाज येत नव्हता. त्यांनी बाकड्याच्या लाकडावर तळहात पसरून ठेवला होता. एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"धरलं!" ते ओरडले. डब्यातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. "दातानं धरलं बग! आता घसरत न्हाय."

अज्जींनी मला विचारलं, हा काय म्हणतो? मी सांगितलं. त्या हसल्या आणि त्यांनी अप्पांच्या गुडघ्यावर दोन बोटांनी टकटक केलं. मग हात खिडकीकडे केला आणि बोटं हलवली. काय दिसतंय?

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. काळा चष्मा पाहिला, हिरवी पट्टी पाहिली. मग घसा खाकरून बोलायला लागले. कन्नडात, विजापूरकडच्या. मी इथं मराठीत लिहिते आहे.

"डाव्या हाताला दरी हाय. खोल. झाडी लई दाट. एक झाड पिवळ्या फुलांनी भरलंय. रूळ वर चढत चाललाय... पुढं वळण हाय. पुढच्या डब्याच्या टोकाला एक माणूस उभा हाय, हातात झेंडा घेऊन. तो ब्रेकवाला. हिरवा दाखवला त्यानं."

अज्जी मान हलवत होत्या. अप्पा थांबले की त्या पुन्हा टकटक करायच्या, आणि अप्पा पुन्हा सुरू व्हायचे. पूल आला, त्यांनी सांगितला. खाली पाण्याची बारीक धार, तीही सांगितली. खडकातून कोरलेली वाट, ओल्या भिंतीवरचं शेवाळ, कुठं एक माकडीण पोटाशी पिल्लू धरून बसलेली. बोगदा आला तेव्हा दोघं एकाच वेळी म्हणाले, "बोगदा." अप्पांना अंधार दिसला होता, अज्जींना इंजिनाचा घुमलेला आवाज ऐकू आला होता. डब्यातली पोरं आरडाओरडा करत होती, त्यात ह्या दोघांचे आवाज मला स्पष्ट ऐकू आले.

अज्जी या वाटेनं लग्न झाल्यापासून जात-येत होत्या. इथं एकदा हत्तींचा कळप रुळावर येऊन उभा राहिला होता, इथं एकदा दरड कोसळली आणि सगळ्यांना चालत जावं लागलं, असं त्या मधून मधून मला सांगायच्या. पण गेली काही वर्षं त्यांना या घाटातलं काही दिसलं नव्हतं. डोळे जात चालले आहेत हे त्यांनी घरी बराच काळ कुणाला सांगितलंच नाही. "म्हातारपणात कोण काय काय सांगत बसेल," म्हणाल्या.

मी समोर बसले होते, त्यामुळं मला दोघांची तोंडं दिसत होती. दीड वर्षानं मी माझ्या वडिलांना सलग बोलताना ऐकत होते. ते माझ्याशी बोलत नव्हते याचं मला जराही वाईट वाटलं नाही. कागदावर लिहून, टीव्ही लावून, डॉक्टरांना दाखवून मी त्यांच्यासाठी काही ना काही करत राहिले होते. या बाईनं त्यांच्याकडे काहीतरी मागितलं. त्यांच्याकडे होतं ते, आणि त्यांनी दिलं.

हिलग्रोव्ह नावाच्या स्टेशनवर इंजिन पाणी घ्यायला थांबतं. लोक चहाला उतरले. मी नळावर हात धुतले, अज्जींना मान मागं करायला लावून डोळ्यात थेंब घातले, पट्टी पुन्हा नीट बसवली. तेवढ्यात अप्पा पुन्हा इंजिनाकडे. अज्जींना चहा देऊन मी मागोमाग गेले.

फायरमन खाली उतरून घाम पुसत उभा होता. चाळिशीतला, काळासावळा, डोक्याला रुमाल. अप्पांनी कोळशाचं फावडं मारल्याची खूण करून त्याला विचारलं, कोळसा कुठाय? त्यानं हसून बोटांनी नळ फिरवल्याची खूण केली. तेल. हे इंजिन तेलावर पेटतं. अप्पांनी मान डोलावली. माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं. पोराचं कंबरडं वाचलं." मग त्यांनी उजव्या हाताची बाही वर केली. कोपराच्या खाली त्यांचा जुना भाजल्याचा डाग आहे, विजापूरच्या पुढं कुठंतरी वाफेनं पोळलेला. फायरमननं तो पाहिला आणि स्वतःची बाही वर केली. त्याच्या मनगटापाशी तसाच एक डाग होता, ताजा, अजून गुलाबी. दोघांनी हात एकमेकांशेजारी धरले आणि मोठ्यानं हसले. वरून ड्रायव्हर खाली वाकला, त्यानं काय ते ओळखलं आणि कपाळाला हात लावून अप्पांना सलाम केला. अप्पांची पाठ ताठ झाली. त्यांनीही केला.

डब्यात परतले ते हाताला काळं लावून. अज्जींनी वासावरूनच ओळखलं. त्यांनी नाकाशी हात नेऊन खूण केली आणि अप्पा पोरासारखे लाजले.

वरची वाट जास्त चढाची आहे. गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. झाडांवर ढग उतरले होते आणि खिडकीतून गार वारा येत होता. अप्पांनी स्वेटर घातला. सांगण्यासारखं बाहेर थोडा वेळ काही दिसेना, सगळं पांढरं झालेलं. अज्जींनी टकटक केलं. अप्पा म्हणाले, "ढग हाय. काय दिसत न्हाय." आणि मग, विचारलेलं नसताना, ते आईबद्दल बोलायला लागले.

"माझी बायको असती तर भ्याली असती. हात धरून बसली असती माझा. ती गेली. दीड वर्ष झालं." मग पुढं सांगितलं, "आमची क्वार्टर लाईनीला लागून होती. माझं इंजिन लांबून आलं की तिला आवाजावरनं कळायचं, ह्ये ह्येंचंच. ती तवा चुलीवर ठेवायची. मी घरात पाय ठेवायचो आन् भाकरी फुगलेली असायची. रिटायर व्हायच्या टायमाला मला माझ्याच इंजिनाची शिट्टी ऐकू येईना. तरी तिला यायची. मी म्हणायचो, तू ऐकतीस न्हवं, मग झालं."

मी त्या क्वार्टरमध्ये वाढले. गरम भाकरी खाऊन मोठी झाले. तवा कधी चढतो हे मला ठाऊक नव्हतं.

अज्जींना सगळं कळलं की नाही, माहीत नाही. विजापूरचं कन्नड त्यांनाही जरा लांबचंच. पण त्यांनी या वेळी टकटक केलं नाही. त्यांचा हात अप्पांच्या हातावर ठेवला आणि गाडी ढगाबाहेर येईपर्यंत तसाच राहू दिला. मग चहाचे मळे दिसायला लागले. अप्पांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "हिरवं हाय सगळं. लई हिरवं. रांगा हायत, शाळेतल्या पोरांसारक्या."

कुन्नूरच्या फलाटावर नात उभी होती. तिनं आधी आजीचा चष्मा वर करून पट्टी पाहिली, मग मला विचारलं, थेंब घातले? मी हो म्हटल्यावर तिनं मला मिठी मारली. आम्ही उटीला लॉजवर उतरणार होतो. अज्जींनी ते ऐकूनच घेतलं नाही. अप्पांचा हात त्यांनी सोडलाच नव्हता; तसंच धरून त्या चालायला लागल्या. एकाला ऐकू येत नाही, दुसरीला दिसत नाही, आणि दोघं मिळून गर्दीतून नीट वाट काढत चाललेले.

त्यांचं घर डोंगराच्या कुशीत एका रांगेतल्या घरांपैकी एक होतं. आम्ही तिथं दोन दिवस राहिलो. वालाची आमटी आणि भात खाल्ला, बटाट्याची भाजी खाल्ली. मी कडक भाकरीचा चुरा करून दुधात कालवून अज्जींना दिला आणि शेंगाची चटणी सगळ्या घराला वाटली. नातीनं ती भातावर घालून खाल्ली आणि डबाच मागून घेतला. संध्याकाळी अंगणात बसून अप्पा अज्जींना समोरचा डोंगर सांगायचे. शेजारपाजारची माणसं ऐकायला यायची. त्यांना निम्मं कळायचं, पण कुणी उठून जायचं नाही.

आम्ही परत आलो तेव्हा सोलापूर भट्टीसारखं तापलेलं होतं. स्टेशनवरून घरी येताना अप्पा रिक्षावाल्याला घाट सांगत होते. मग आमच्या ह्यांना सांगितला, वॉचमनला सांगितला, खालच्या मजल्यावरच्या गुरुजींना दोनदा सांगितला. गॅलरीतली खुर्ची त्यांनी स्वतः उचलून खाली गेटपाशी नेली. आता सकाळी ते तिथं बसतात. कोण आलं, कोण गेलं, कोणाची गाडी पंक्चर झाली, सगळा वृत्तांत मला शाळेतून आल्यावर मिळतो. कानाचं मशीनही घेतलं, त्यांनीच मागितलं म्हणून. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. नुसता शिट्टीसारखा आवाज येतो म्हणतात, आणि काढून ठेवतात. ऐकू न येणं काही सुटलं नाही. फक्त आता ते ऐकू येण्याची वाट बघत बसत नाहीत, आधी बोलून मोकळे होतात.

मी पुष्कळदा त्या मुलीचा विचार करते. तिनं फार काही केलं असं तिला वाटतच नाही. मी फोनवर आभार मानायला लागले की विषय बदलते, वॉर्डातल्या गमती सांगते. ती त्या दिवशी बसच्या वळणावळणांनी एकटी वर गेली आणि तिच्या जागेवर बसून मी माझे वडील परत मिळवले. ह्याचं ऋण फेडायचं म्हणजे काय करायचं, मला ठाऊक नाही. आपल्यालाही कुणी रांगेत मागं उभं असलेलं दिसलं, तर वळून बघावं, एवढं मी शिकले.

पावसाळ्यानंतर अज्जींचा दुसरा डोळाही झाला. नातीनं व्हिडिओ कॉल लावला. मी फोन अप्पांसमोर धरला. अज्जी आता बिनपट्टीच्या, जाड काचांचा चष्मा लावून पडद्याजवळ आल्या. अप्पांना त्या पहिल्यांदाच बघत होत्या. बराच वेळ निरखून पाहिलं आणि एकदम खदखदून हसायला लागल्या. काहीतरी बोलल्या. अप्पांनी मला विचारलं, "काय म्हणली?"

मी कागदावर लिहिलं, "आवाजावरून वाटलं, उंच धिप्पाड असेल. हा तर बुटका निघाला, असं म्हणतात."

अप्पांनी ते वाचलं. स्वेटर घालून जरा रुबाबात बसायला हवं होतं असा काहीसा चेहरा केला. मग फोन माझ्या हातातून घेतला, तोंडाजवळ धरला आणि ओरडले,

"ड्रायव्हरला उंची कशाला लागती? खिडकीतनं डोकं भाईर काढता आलं की झालं की!"